दुसरी टक्कर

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुला माझ्यामागे अंगणातला कडुनिंब दिसला आणि तू विचारलंस, "आजी, तो टांगलेला बॉल कुठे गेला?" मी म्हटलं, काढला. तू म्हणालास, का? तेवढ्यात तुझ्या बहिणीने फोन ओढून घेतला, तिचा पडलेला दात दाखवला आणि उत्तर राहून गेलं. फोनवर माझी उत्तरं नेहमी अर्धी राहतात. म्हणून लिहून काढते आहे, क्रमाने. मराठी वाचायला तुम्हा दोघांना वेळ लागेल. लागू दे. अडलं तर आईला विचारा.

बॉल छोट्या आजोबांचा होता. छोटे आजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात आणि जेवायला इकडे येतात, हे तुम्हाला माहीत आहेच. सगळी नोकरी त्यांनी इथल्या फॅक्टरीत केली आणि जोवर गुडघा चालला तोवर फॅक्टरीच्या टीममधून फुटबॉल खेळले. मागे, गोलकीपरच्या पुढे उभं राहून गोल वाचवणं हे त्यांचं काम. उंच आलेला बॉल पायाने घेणं म्हणजे त्यांना समोरचं दार सोडून खिडकीतून घरात शिरल्यासारखं वाटायचं. तो डोक्यानेच घ्यायचा. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉलनीच्या ग्राउंडवर इथल्या हिंदी बोलणाऱ्या मुलींची टीम सुरू केली आणि जाळीत घातलेला एक बॉल आमच्या कडुनिंबाला दोरीने टांगला. संध्याकाळी मुली रांगेने यायच्या, उडी मारून त्याला डोकं मारायच्या आणि पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहायच्या. मी व्हरांड्यात भाजी निवडत बसायची. तो धप्प-धप्प आवाज थांबला की मला कळायचं, दिवेलागण झाली.

त्यांची आणखी एक पद्धत तुम्ही अनुभवली आहे. मागच्या खेपेला तुम्ही इथे जिन्याखाली लपाछपी खेळत होतात आणि दोघांची डोकी आपटली. तुम्ही भोकाड पसरणार एवढ्यात छोट्या आजोबांनी दोघांना धरलं, डोक्याला डोकं हलकेच पुन्हा लावलं आणि म्हणाले, "झालं. एकदाच आपटलं तर शिंगं फुटतात." तुम्ही रडायचं विसरून कपाळ चाचपत बसलात. आपल्याकडे घरोघरी मुलांना असंच सांगतात. भाऊजींनी मात्र ते ग्राउंडवर नेलं होतं. दोन मुलींची डोकी आदळली की त्यांची शिट्टी वाजायची, बाकीच्या मुली "सींग निकलेंगे, सींग निकलेंगे" असा गलका करायच्या, त्या दोघी हसत-रडत पुन्हा डोकं लावायच्या आणि खेळ सुरू. दुसऱ्या टकरीनंतर कुरकुर करायची नाही, असा तिथला कायदाच होता. दुसऱ्या गावच्या टीमसुद्धा तो पाळायच्या.

मग गेल्या वर्षी इथल्या वार्षिक फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांकडून सूचना आली. लहान मुलामुलींच्या टीम आणणाऱ्या प्रत्येक कोचने डोक्याच्या दुखापतींवरचा एक दिवसाचा वर्ग करायचा, त्याशिवाय टीमला प्रवेश नाही. भाऊजी मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वहिनी, हे वाचलं काय? मला शिकवून राहिले. डोकं कसं वापरायचं ते."

"डोकं कसं वाचवायचं ते, भाऊजी."

"एकच झालं."

"एक नाही. आमच्या नातवाच्या शाळेत मुलांना हेडिंग करूच देत नाहीत, मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मग काय हाताने खेळतात तिथे?" असं म्हणून ते पोळी वाढायची वाट बघत बसले. जेवण झाल्यावर मात्र म्हणाले, "पुस्तिका इंग्रजीत देतील. तुम्ही चला सोबत."

मी शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे आमच्या घरात विम्याच्या कागदापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं इंग्रजी माझ्याकडे येतं. मी गेले. एका शाळेचा हॉल होता. ट्रॅकसूट घातलेले तीसेक पुरुष, चार-पाच बायका आणि सुती साडीतली मी. शिकवायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोलायला सुरुवात करायच्या आधी पिशवीतून स्टीलचा झाकणाचा डबा काढला, उघडून सगळ्यांना दाखवला. आत घट्ट विरजलेलं दही, कवडीसारखं. झाकण लावलं आणि डबा टेबलावर एकदाच आपटला. झाकण उघडलं तर दही फुटलेलं, पाणी सुटलेलं.

"डब्बा देखिए," त्या म्हणाल्या. "कहीं पिचका है?"

कुठेही पोचा नव्हता. डोक्याला खोक पडली नाही, रक्त आलं नाही, मूल बेशुद्ध झालं नाही, म्हणजे आत काही झालं नाही असं समजू नका, हे त्यांनी त्या डब्यावरून समजावलं. मला ते फार आवडलं. मी इतकी वर्षं शिकवलं, पण असा डबा मला कधी सुचला नाही.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या ग्राउंडवर दोन मुलांची डोकी आदळली तर तुम्ही काय करता? उत्तरं येत गेली. कोणी डोक्यावर पाणी ओतायचं, कोणी कांदा हुंगवायचं, मझौली गावचे एक कोच म्हणाले की आम्ही ग्राउंडला एक चक्कर मारायला लावतो, जो पळाला तो बरा. भाऊजी उभे राहिले. त्यांना वाटत होतं, आपलं उत्तर सगळ्यांत सौम्य आहे.

"मैडम, हम तो प्यार से दोबारा टकरा देते हैं। नहीं तो सींग निकल आते हैं।"

हॉल हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या. म्हणाल्या, माझी आजी हेच करायची. मग म्हणाल्या, "आपके हाथ की वो हल्की टक्कर से मुझे डर नहीं है, सर। डर उसके बाद का है। उस टक्कर से आप बच्चे को बता देते हैं कि बात ख़त्म। अब वो बच्चा सिरदर्द बताएगा आपको?"

त्या म्हणाल्या, पहिला मार भरून यायच्या आत दुसरा खरा मार बसला तर कधीकधी आमच्याही हातात काही उरत नाही. म्हणून शंका आली की मूल बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. पुढे दिवसभर त्यांनी बरंच शिकवलं. सरावात हेडिंग अगदी कमी, लहानांना तर नकोच. बॉल हलका. उडी मारताना कोपरं खाली. धडक झाली की कोचने बॉलकडे न बघता मुलीकडे बघायचं, आणि तिला साधे प्रश्न विचारायचे: कोणता हाफ चालू आहे, मागचा गोल कोणी मारला.

येताना ऑटो केली. गोहलपुरच्या गर्दीत अडकलो तेव्हा भाऊजी एकदाच बोलले.

"त्या दह्याचं काय केलं असेल हो तिने?"

"कढी."

"हो," ते म्हणाले. घरी आल्यावर चहा न घेता शिडी लावून त्यांनी दोरी कापली. बॉल तेव्हापासून त्यांच्या पलंगाखाली आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं खरं, पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

त्यांच्या टीममध्ये एक मुलगी आहे, गोहलपुरहून येते. वडिलांचं तिथे वेल्डिंगचं दुकान आहे. ती भाऊजींच्याच जागेवर खेळते, मागे, आणि उंच बॉलवर तिच्याइतकं कोणी उडत नाही. भाऊजींचा तिच्यावर विशेष जीव, आणि तो त्यांना लपवता येत नाही. या वर्षीच्या स्पर्धेच्या फायनलला बाहेरगावच्या एका क्रीडा अकादमीचे लोक मुली निवडायला येणार होते. तिथे वसतिगृह, शाळा, रोजचा कोच, सगळं मिळतं. ती निवडली जाणार हे सगळे धरून चालले होते. तिच्या वडिलांनी तर तिच्यासाठी ट्रंकही स्वतःच बनवायला घेतली होती.

सेमीफायनल कुंडमच्या टीमशी होती. आमच्या डाव्या बाजूला खेळणाऱ्या बुटक्या मुलीने एक गोल मारला, आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला उंच बॉल आला. गोहलपुरची ही आणि कुंडमची एक उंचच उंच मुलगी, दोघी एकाच वेळी उडाल्या. आवाज मला ग्राउंडच्या कडेला खुर्चीत ऐकू आला. दोघी खाली बसल्या, डोकं धरून, मग एकमेकींकडे बघून हसल्या. मुलींनी सवयीने गलका सुरू केला, "सींग निकलेंगे!" आणि त्या दोघी गुडघ्यांवर बसल्या बसल्याच एकमेकींच्या डोक्याला डोकं लावायला पुढे वाकल्या.

भाऊजींना मी इतक्या वर्षांत पळताना बघितलं नव्हतं. ते लंगडत, पण पळत आत गेले आणि दोघींच्या कपाळांमध्ये आपला पंजा घातला. कुंडमच्या कोचकडे त्यांनी नुसतं बघितलं. तेही त्या वर्गाला होते. त्यांनी आपली मुलगी काही न बोलता बाहेर घेतली.

भाऊजींनी हिला विचारलं, "बेटा, पिछला गोल किसने मारा?"

"मैंने," ती म्हणाली.

मुली हसल्या. त्यांना वाटलं, बुटकीला चिडवायला म्हणते आहे. भाऊजी हसले नाहीत. तिला दंडाला धरून माझ्या शेजारच्या खुर्चीत आणून बसवलं. ती बसेपर्यंत भांडत होती, "सरजी, मैं एकदम ठीक हूँ, पूछ लीजिए किसी से भी।" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादी जी, हम जीत रहे हैं क्या?" मी म्हटलं, हो, एका गोलने. तिने मान हलवली. जरा वेळाने म्हणाली, "दादी जी, हम जीत रहे हैं क्या?" तोच आवाज, तोच चेहरा, जणू पहिल्यांदाच विचारते आहे. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिचा हात हातात घेऊन ठेवला, मॅच संपेपर्यंत.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, तो ठीक आला. डॉक्टर म्हणाले, उलट्या झाल्या, झोपेतून उठेनाशी झाली, दुखणं वाढलं तर लगेच आणा. नाहीतर विश्रांती, आणि आम्ही सांगेपर्यंत खेळ बंद.

फायनलच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिचे वडील तिला घेऊन आमच्या व्हरांड्यात आले. हातात तो फोटो.

"सरजी, देख लीजिए। सब साफ है।"

"फोटो साफ है, भैया। ये चोट फोटो में नहीं आती।"

"तो काहे में आती है?"

भाऊजींनी डब्याचं सांगायचा प्रयत्न केला, पण दह्यापाशी अडखळले. तिचे वडील शांत माणूस आहेत, त्या दिवशी नव्हते. म्हणाले, "उछल के सिर मारना इसको किसने सिखाया? आपने। अब एक दिन पहले आप ही डरा रहे हैं? मैं बाप हूँ, मैं लिख के देता हूँ, जो होगा मेरी ज़िम्मेदारी।"

"तुम लिख के दोगे, मैं पढ़ भी लूँगा," भाऊजी म्हणाले. "फिर? मैच में बैठ के देखना तो मुझे ही है न।"

मग ते माझ्याकडे वळून मराठीत बोलले. मुलीला आणि बापाला कळू नये अशा गोष्टी ते मराठीत बोलतात. "वहिनी, पोरीचं आयुष्य आहे हे. ते लोक वर्षातून एकदा येतात. अर्धा तास खेळवलं तर? उंच बॉल घेऊ नको म्हणून सांगतो."

"ती ऐकेल?"

"ती?" ते म्हणाले. "ती काहून ऐकेल. मी तरी ऐकलं असतं काय."

अंधारून आलं होतं म्हणून मी ट्यूबलाइट लावली. मुलीने झटकन ओढणी डोळ्यांवर घेतली. "दादी जी, वो बंद कर दीजिए न," ती हळूच म्हणाली. "चुभती है।"

मी बंद केली. तिचे वडील अंधारात तिच्याकडे बघत राहिले. ते रोज ठिणग्यांपुढे बसणारे, डोळ्यांना उजेड टोचतो म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. फोटो गुंडाळून त्यांनी पिशवीत घातला. "चल," म्हणाले. भाऊजींना नमस्कार न करता गेले. त्या अंधारात भाऊजी बराच वेळ बसले आणि त्या दिवशी जेवायला आले नाहीत. मी ताट झाकून त्यांच्या खोलीत ठेवून आले.

फायनलला ती आली. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा मी तिला दिला होता, तो लावून माझ्या शेजारी बसली. तिला ओरडायला बंदी होती. तेच तिला सर्वांत कठीण गेलं. सारखी माझी साडी ओढायची आणि कुजबुजायची, "उसको बोलिए पीछे आए, दादी जी, पीछे!" शेवटी मझौलीच्या टीमला कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, गोलसमोरून गेला, आणि जिथे ती उभी असायची तिथे कोणी नव्हतं. गोल झाला. साऱ्या ग्राउंडला कळलं की ती असती तर तो गोल झाला नसता. ती उठून भाऊजींसमोर गेली आणि चष्म्यातून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग वडिलांच्या स्कूटरवर बसून निघून गेली.

अकादमीच्या लोकांनी मझौलीच्या दोन मुली निवडल्या. भाऊजी त्यांच्याकडे जाऊन बोलले, आमची एक बाहेर बसली आहे, तिला नंतर बघा. ते सभ्यपणे म्हणाले, पुढच्या वर्षी आणा, वयात बसते आहे. त्यांनी त्यापेक्षा जास्त काही कबूल केलं नाही, आणि मीही तुम्हाला जास्त काही सांगणार नाही.

त्यानंतर काही आठवडे ती आली नाही. भाऊजी संध्याकाळी ग्राउंडवर जायचे, शिट्टी वाजवायचे, पण नजर फाटकाकडे. त्यांना बुटकी म्हणाली, "सरजी, हम भी हैं यहाँ।" बॉल लागून कोणाला चक्कर आली, कोणाचं डोकं जड वाटलं, तर आता मुली स्वतःच येऊन सांगायच्या. एकदा तर एकीने गणिताच्या पेपरमुळे डोकं दुखतं म्हणून सांगितलं. भाऊजींनी तिलाही बसवलं.

मग डॉक्टरांनी हिला थोडं-थोडं सुरू करायला सांगितलं. आधी चालणं, मग पळणं, मग एकटीने बॉल. ती येऊ लागली, पण भाऊजींशी बोलायची नाही. माझ्या खुर्चीपाशी यायची. "दादी जी, सरजी से पूछिए, आज कितने चक्कर?" सरजी दोन हातांच्या अंतरावर उभे. ते मला मराठीत सांगायचे, "तिला म्हणा, चार. आणि हळू." मी हिंदीत सांगायची. शाळेत मी भाषांतराचे पुष्कळ धडे घेतले, पण इतकं निरर्थक भाषांतर कधी केलं नव्हतं.

डॉक्टरांनी पूर्ण खेळायची परवानगी दिली त्या दिवशी ती सराव संपल्यावर आली आणि पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे बघून बोलली.

"सरजी, सच बताइए। मैंने सच में बोला था कि गोल मैंने मारा?"

"हाँ।"

"सब बोलते हैं। मुझे लगा, सब मिल के झूठ बोल रहे हैं।" मग म्हणाली, "मुझे वो मैच याद ही नहीं है। बस में बैठना याद है, फिर अस्पताल।"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. इतके दिवस आम्ही तिला रागावलेली समजत होतो. ती रागावलेली होतीच, पण ज्या गोष्टीची शिक्षा झाली ती गोष्टच तिच्यापाशी नव्हती. ती धडक, ती माझ्याशेजारची खुर्ची, तिने तीनदा विचारलेला तो प्रश्न, काहीच नव्हतं. भाऊजी नुसते म्हणाले, "नहीं आएगा याद। कोई बात नहीं।"

"तो किसने मारा था?"

"वो बुटकी ने।"

"उसने?" तिने मागे वळून बुटकीकडे बघितलं, ती पाण्याची बाटली डोक्यावर ओतत होती. "बाएँ पैर से?"

"दाएँ से।"

"झूठ।"

"अरे सुन तो। तू यहाँ थी," भाऊजी म्हणाले आणि तिला खांद्याला धरून ग्राउंडच्या मधोमध नेऊन उभं केलं. "बॉल तूने ही निकाला था, इधर से। मैं दिखाता हूँ।" मग बॉल घेऊन ते लंगडत डाव्या बाजूने निघाले, कुंडमच्या मुली कुठे होत्या ते हाताने दाखवत, दम लागेपर्यंत. ती तिथून ओरडत होती, "और मैं कहाँ, सरजी? मैं तब कहाँ थी?"